अंतराळ खर्चाचा वाद (भारत)

गरिबी, कुपोषण, पिण्याचे पाणी हे प्रश्न सुटलेले नसताना सरकारने रॉकेटे आणि उपग्रहांवर पैसा घालावा का, यासंबंधीचा वाद. १९६३ मध्ये केरळातील थुंबा या मच्छीमार वस्तीतून पहिले रॉकेट उडाले, तेव्हापासून तो या ना त्या रूपात चालूच आहे. अवकाश विभागाची अलीकडची वार्षिक तरतूद सुमारे १३,००० कोटी रुपये, म्हणजे केंद्रीय अर्थसंकल्पाच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी आहे.

समर्थक हमखास भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे जनक विक्रम साराभाई यांचा दाखला देतात : प्रगत तंत्रज्ञान समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी वापरण्यात भारत कोणाच्याही मागे राहता कामा नये. मात्र चंद्र, ग्रह आणि मानवी उड्डाणे यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची स्वप्ने आपण पाहत नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात बजावले होते. तेवढा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

साराभाईंच्या मनातला कार्यक्रम ‘साइट’ या उपग्रहावरून टीव्हीद्वारे शिक्षण देण्याच्या प्रयोगात दिसला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. गावात बसवलेली डिश तीन मीटर व्यासाची, तीही खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. समोर सार्वजनिक टीव्ही संच आणि भोवती अख्खे गाव.

आजचे उदाहरण कोकण किनाऱ्यावर सापडते. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ केंद्र उपग्रहाने टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याची शक्यता असलेले पट्टे काढते. बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली मराठीतूनही कळवली जाते. मासळी शोधत भटकण्यात जाणारे डिझेल वाचते. आकाश ढगाळ असले की मात्र हे गणित अडते.

टीकेचा रोख बहुधा अशा उपग्रहांवर नसतो. तो मंगळयान (सुमारे ४५० कोटी रुपये), चांद्रयान-३ (सुमारे ६१५ कोटी) यांसारख्या मोहिमांवर असतो. त्यावर ‘एका हॉलिवूडपटापेक्षा स्वस्त’ हे उत्तर ठरलेले. मोहीम स्वस्तात झाली हे त्यातून कळते. ती का करावी, हे कळत नाही. माणसाला अंतराळात पाठवण्याच्या गगनयान कार्यक्रमाची मंजूर रक्कम २०२४ मध्ये २०,१९३ कोटींवर गेल्यावर तर हे उत्तरही लंगडे पडते. विज्ञान, तंत्रज्ञानातील स्वावलंबन किंवा देशाची प्रतिष्ठा यांसाठी खर्च करायचा असेल, तर तसे उघड म्हणावे. त्यासाठी मच्छीमारांना पुढे करू नये.

उपग्रहांच्या प्रत्यक्ष उपयोगाचे श्रेयही जपून मोजावे लागते. १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे दगावली. तिथेच २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. उपग्रहांची नजर दोन्ही वादळांवर होती. दरम्यानच्या काळात अंदाज सुधारले हे खरे, पण किनाऱ्यावर निवारे उभे राहिले, इशारा गावापर्यंत पोचवणारी साखळी तयार झाली आणि फायलिन धडकण्यापूर्वी लाखो लोकांना हलवण्यात आले.