प्रदूषित पर्यावरणातील जिवाणू

तेल सांडलेला समुद्रकिनारा, रासायनिक सांडपाणी मुरलेली जमीन, खाणीजवळचा धातुयुक्त गाळ अशा ठिकाणी तग धरून वाढणारे जिवाणू. त्यांपैकी काहींना प्रदूषकच अन्न म्हणून चालते, काही विषाचे रूप बदलतात, तर काही नुसते विष सोसतात. प्रदूषकांचे विघटन आणि प्रतिजैविकांना रोध हे विषय सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. प्रत्यक्षात या दोन्ही क्षमतांची जनुके बऱ्याचदा एकाच प्रकारच्या वाहनांवरून पसरतात, म्हणून येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

तेल खाणाऱ्यांत अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा समुद्री जिवाणू सर्वांत परिचित आहे. त्याचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वच्छ पाण्यात तो जेमतेम सापडतो, तेल सांडले की त्याची संख्या भराभर वाढते. तेल पाण्यात विरघळत नाही, ही त्याची पहिली अडचण. त्यावर तो साबणासारखा पदार्थ बाहेर सोडतो. तवंग फुटून बारीक थेंब होतात आणि थेंबाच्या कडेला जिवाणू दाटीवाटीने चिकटतात. मग एक एन्झाइम हायड्रोकार्बनच्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा अणू बसवते. अवघड टप्पा हाच. पुढे अल्कोहोल, अल्डिहाइड आणि मेदाम्ल अशी पायरीपायरीने रूपे होतात, आणि मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, जसे आपल्या पेशींत चरबीचे पडतात. तेलात कार्बन मुबलक, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीतच. म्हणून १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून अलास्कात तेल सांडल्यावर काही किनाऱ्यांवर खत टाकले गेले. जिवाणू तेथे आधीपासून होतेच, उणीव होती ती पोषकांची.

क्लोरीनयुक्त द्रावकांबाबत मात्र सावध राहावे लागते. कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगमध्ये वापरले जाणारे टेट्राक्लोरोएथिलीन भूजलात उतरले, की ऑक्सिजन नसलेल्या थरांतील जिवाणू त्यातील क्लोरीनचे अणू एकेक करून काढतात. वाटेत व्हिनाइल क्लोराइड तयार होते आणि ते कर्करोगकारक आहे. तेथून निरुपद्रवी एथिलीनपर्यंत नेण्याचे काम डेहॅलोकोकॉइड्स गटातील जिवाणू करतात. ते नसतील, तर विघटन अर्ध्यावर अडकते. मूळ प्रदूषक घटला एवढ्यावरून जागा शुद्ध झाली असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

विघटनाची कितीतरी जनुके प्लाझ्मिडांवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यांवर असतात. भारतीय-अमेरिकी शास्त्रज्ञ आनंद चक्रबर्ती यांनी हायड्रोकार्बनांचे विघटन करणारी अशी वेगवेगळी प्लाझ्मिडे एकाच स्यूडोमोनास जिवाणूत एकत्र आणली. त्याच्या पेटंटवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी शिक्कामोर्तब केले. हीच कडी एका जिवाणूतून दुसऱ्यात, कधी वेगळ्या जातीच्या जिवाणूतही, जाऊ शकते. आणि प्रतिजैविकरोधाची जनुकेही याच मार्गाने प्रवास करतात.

पाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. काही जिवाणू पाऱ्याचा विषारी आयन पेशीत ओढून घेतात, एन्झाइमच्या साहाय्याने त्याचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो वायुरूपाने निसटतो. ही जनुके टीएन२१ नावाच्या फिरत्या डीएनए-खंडावर आढळतात. त्याच खंडावर स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फोनामाइड यांच्या रोधाची जनुकेही असतात. गाळात पारा असला, की प्रतिजैविकाचा थेंबही नसताना ही सगळी गाठोडी टिकून राहते. याला सहनिवड म्हणतात. कधी एकच पंप धातू आणि औषध दोन्ही पेशीबाहेर फेकतो, तेव्हाही परिणाम तोच.

डेन्मार्कमध्ये १९९५ साली अव्होपार्सिन हे पशुखाद्यातील प्रतिजैविक बंद झाले. माणसांना दिल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्याच गटातले ते होते. कोंबड्यांमधील व्हॅन्कोमायसिनरोधी एन्टेरोकॉकस (आतड्यातले जिवाणू) घटले, डुकरांमधील मात्र टिकून राहिले. डुकरांतल्या जिवाणूंत व्हॅन्कोमायसिन आणि टायलोसिनच्या गटातील औषधे यांच्या रोधाची जनुके एकाच प्लाझ्मिडवर होती, आणि डुकरांना टायलोसिन हे प्रतिजैविक देणे चालूच होते. पुढे तांब्याच्या रोधाचे जनुकही त्यांच्या शेजारीच सापडले, आणि डुकरांच्या खाद्यात तांबे घातले जात असे.

प्रतिजैविकांचे स्वतःचे प्रदूषणही थोडेथोडके नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. पण रोधक्षम जिवाणूंची निवड होण्यासाठी एवढी मात्रा लागतच नाही. जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट कमी प्रमाणातही रोधक्षम पेशी इतरांवर मात करू शकतात, असे २०११ च्या प्रयोगांत दिसले.

रोध मुळात माणसाने निर्माण केलेला नाही. सुमारे ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही अशी जनुके मिळाली आहेत. प्रदूषणाने त्यांना एकत्र आणले आणि फिरते केले. सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांत हे विशेष घडते, कारण तेथे घाण पचवण्यासाठी जिवाणू मुद्दाम दाट वाढवलेले असतात. प्रतिजैविके बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले मार्गदर्शन २०२४ मध्ये आले. पाण्याच्या नेहमीच्या चाचण्या, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीसारख्या (पाण्यातील घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते मोजणाऱ्या), या जनुकांची कोणतीच खूण दाखवत नाहीत. त्यासाठी वर्ग १ इंटेग्रॉनचे, म्हणजे रोधाची जनुके पकडून एकत्र ठेवणाऱ्या डीएनए-खंडाचे, एक जनुक वेगळे मोजावे लागते.