सॉल्ट स्प्रेचे तास आणि उघड्यावरची वर्षे

पोलादावरचा रंग किंवा जस्ताचा थर किती टिकेल, असे विचारले की उत्तर बहुधा तासांत मिळते: ‘सॉल्ट स्प्रेमध्ये 500 तास’, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या धुक्यात तो इतके तास टिकला. मग त्याची वर्षे किती, हा प्रश्न ओघानेच येतो. एखाद्या ठरावीक गुणकाने त्याचे उत्तर देण्याची सवय मला धोक्याची वाटते.

सॉल्ट स्प्रे चाचणीचे अमेरिकी मानक 1939 सालचे आहे. बंद पेटीत 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके अखंड सोडतात. त्यामुळे नमुना कधी वाळतच नाही. उघड्यावर मात्र तो रात्री दवाने भिजतो, दिवसा सुकतो आणि पावसाने त्यावरचा क्षार अधूनमधून धुऊन जातो. पृष्ठभाग सुकू लागला की पाण्याचा थर पातळ होतो, ऑक्सिजन धातूपर्यंत लवकर पोहोचतो, उरलेल्या पाण्यात क्षाराचे प्रमाण वाढते आणि पूर्ण कोरडे होण्याआधीच्या त्या थोड्या वेळात गंजण्याचा वेग खूप वाढतो. पेटीत ही अवस्था येतच नाही.

जस्ताचे उदाहरण बोलके आहे. उघड्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्यावर कार्बोनेटचा घट्ट, संरक्षक थर बसतो. सतत ओल्या पेटीत तो नीट तयार होत नाही आणि जस्त भराभर झिजते. तांबे, क्रोमियम मिसळलेल्या हवामानरोधी पोलादालाही संरक्षक गंज धरण्यासाठी ओले-सुके चक्र लागते. म्हणजे फरक केवळ वेगाचा नाही. कोणता पदार्थ सरस, हा क्रमही पेटीत उलटू शकतो.

मैदानी चाचणीत वजन केलेले पत्रे तिरक्या मांडणीवर वर्षानुवर्षे ठेवतात, मग गंज रसायनाने काढून वजनातली घट मोजतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात साध्या पोलादाची पहिल्या वर्षातली झीज सी-3 म्हणजे मध्यम गंजकारक वातावरणात 25 ते 50 मायक्रोमीटर, तर सी-5 म्हणजे अतिशय गंजकारक वातावरणात 80 ते 200 मायक्रोमीटर धरली जाते. पुढे गंजाचा थर जाड होत गेला की वेग सहसा मंदावतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्याला नुसते वर्षांनी गुणून चालत नाही.

फवारणी आणि सुकवणी आलटून पालटून करणाऱ्या चक्रीय चाचण्या वास्तवाच्या अधिक जवळ जातात. अशा एका पद्धतीत मीठ अवघे 0.05 टक्के आणि त्याच्या सातपट अमोनियम सल्फेट असते. तरीही पेटीत आणि मैदानात पदार्थांचा क्रम सारखा लागला आणि गंजातली खनिजेही जुळली, तरच त्या पेटीच्या निकालावरून आयुष्याचा अंदाज बांधावा. एरवी सॉल्ट स्प्रे वापरावी ती उत्पादनातला बिघडलेला लॉट पकडण्यासाठी. तिथे ती खरोखर उपयोगी आहे.