गिरणीतला ‘बदली’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

मुंबईच्या कापड गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपातल्या मागण्यांमध्ये पगारवाढीबरोबर ‘बदल्यांना कायम करा’ हीही एक मागणी होती. आज ती वाचताना अनेकांचा गोंधळ होतो, कारण बदली म्हटले की सरकारी नोकरीतली बदली आठवते. गिरणीत बदली हा माणूस असे. दुसऱ्याचा खाडा पडला की त्याच्या जागी, त्याच्या यंत्रावर, तेवढ्या पाळीपुरता उभा राहणारा.

ताडदेवची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, तेव्हा कामाचा दिवस उजेडाला बांधलेला होता. पुढे विजेचे दिवे आले आणि तेही बंधन सुटले. १९०५ च्या सुमारास पाळी चौदा तासांच्या घरात गेली होती. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, मोठ्यांच्या तासांबद्दल तो गप्प होता. कामगारांनी १८८४ मध्ये जे अर्जात मागितले ते आज वाचताना संकोच वाटावा इतके साधे आहे: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत. त्यातली आठवड्याची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. कापड गिरणीतल्या पुरुषांच्या तासांना कायद्याने पहिल्यांदा हात लावला तो १९११ मध्ये, आणि मर्यादा ठरली बारा तासांची. मग १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ.

बदलीची सुरुवात मात्र या कायद्यांच्या बाहेर झाली. रत्नागिरी-साताऱ्याकडचा माणूस लावणीला, शिमग्याला, घरच्या आजारपणाला गावी जायचा. जाताना भावाला किंवा गाववाल्याला आपल्या जागी उभा करायचा, परतला की जागा पुन्हा त्याची. बंद खात्यातली उष्ण दमट हवा, सूत तुटू नये म्हणून सोडलेली वाफ आणि छातीत बसणारी कापसाची धूळ सोसून वर्षभर सलग काम करणे कठीणच होते. तेव्हा खाडा हा गिरणीच्या दिनक्रमाचा भाग होता आणि बदली ही कामगारांनी आपापसात केलेली सोय.

ही सोय हळूहळू जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती गेली. माणूस तोच भरणार, तोच काढणार. पहाटे भोंग्याच्या आधी फाटकाशी घोळका जमायचा आणि जॉबर त्यातून बोट दाखवेल तो आत. आत जायला दस्तुरी, म्हणजे जॉबरची लाच, टिकायलाही दस्तुरी. साळखात्याचे, म्हणजे विणकामाच्या खात्याचे, दार तर दलितांना बंदच होते. मागाच्या धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, त्यांच्या उष्ट्याचा विटाळ होईल म्हणून ते तिथे नकोत हा सवर्ण कामगारांचा आग्रह, आणि मालकांनी तो मोडला नाही. म्हणजे त्या खात्यात बदली म्हणून उभे राहायचीही त्यांना मुभा नव्हती. बदलीच्या प्रश्नावर लिहिणारे ही बाजू बहुधा सोडून देतात.

खरा वाद आहे तो १९३५ च्या निर्णयाचा. मालकांच्या संघटनेने त्या साली बदली कार्डांची पद्धत आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कारण सांगितले गेले जॉबरच्या लाचखोरीचे. ते खोटे नव्हते, जॉबरची मनमानी याने काही प्रमाणात कमी झालीही असेल. पण १९३५ च्या आदल्याच वर्षी मोठा संप झाला होता, हे विसरून हा निर्णय वाचता येत नाही. कार्डाने काम मिळत नव्हते, कामाची वाट बघायचा परवाना मिळत होता. काम नसेल त्या दिवशी माणूस रिकाम्या हाताने घरी जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकावर. गाववाल्याची सोय होती तेव्हा बदलीला निदान मूळ माणूस कधी परतणार हे ठाऊक असायचे. कार्डवाल्या बदलीला कोणाचीच वाट बघायची नव्हती, आणि तरी तो वर्षानुवर्षे बदलीच राहायचा.

१९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि बदलीची व्याख्या आली. मस्टरवर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी कामाला लावलेला तो बदली, मात्र एक वर्षाची सलग सेवा झाली की ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवण्याच्या, भरपाईपुरता तो बदली राहत नाही. सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. ‘भरपाईपुरता’ या एका शब्दात सगळी गोम आहे. भरपाईसाठी बदली नाही, पण म्हणून कायम झाला असेही नाही. आणि ज्याला रोज कोणीतरी आत घेतले तरच दिवस भरतो, त्याच्या २४० दिवसांचा हिशेब आत घेणाऱ्याच्याच हाती.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत बदली मोठ्या संख्येने होते. मान्यताप्राप्त एकच युनियन बोलणी करणार, हा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा नियमही संपाच्या निशाण्यावर होता आणि चर्चा त्याच्याभोवतीच जास्त फिरली. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या कमी माणसांत पुन्हा चालू झाल्या, काही कायमच्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी करणाऱ्या १९९१ च्या विकास नियमावलीनंतर जमिनीला कापडापेक्षा जास्त मोल आले. विणकाम बरेचसे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकले. तिथे बारा तासांच्या पाळ्या चालत आल्या आहेत, म्हणजे १९११ च्या कायद्याने घातलेली मर्यादा.