दाह पेटवणारे मॅक्रोफेज आणि दाह शमवणारे मॅक्रोफेज

स्नायूला इजा झाली की सूज येते, तो भाग तापतो, ठणकतो. हाच दाह. हे कधी एकदा थांबतंय असंच कुणालाही वाटतं. त्यामुळे मॅक्रोफेजांबद्दल, म्हणजे मलबा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींबद्दल, वाचताना मनात आपोआप वाटणी होते: दाह पेटवणारे वाईट, शमवणारे चांगले. स्नायूच्या बाबतीत ही वाटणी साफ चुकते.

इजेनंतर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हजर होतात, पण दिवस-दोन दिवसांत ओसरतात. पाठोपाठ रक्तातले मोनोसाइट, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, शिरतात आणि त्यांचे मॅक्रोफेज बनतात. सुरुवातीचे हे मॅक्रोफेज दाह पेटवणारे. मेलेल्या तंतूंचे तुकडे ते गिळतात आणि टीएनएफ-अल्फासारखे रेणू सोडतात. स्नायूतंतूला लगटून, त्याच्या आवरणाखाली सॅटेलाइट पेशी, म्हणजे नवा स्नायू घडवू शकणाऱ्या पेशी, एरवी निपचित पडून असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा टिपल्या. इजेनंतर जाग्या झालेल्या या पेशींची संख्या वाढवायला हेच ‘वाईट’ मॅक्रोफेज मदत करतात. शिवाय डाग तयार करू शकणाऱ्या, तंतूंच्या मधल्या जोड-ऊतीतल्या जादा पेशींना टीएनएफ-अल्फा वेळेवर मारतो.

दाह शमवणारे मॅक्रोफेज नंतर दिसतात. त्यांच्या सान्निध्यात सॅटेलाइट पेशींपासून झालेल्या पेशी विभाजन थांबवतात, एकमेकींत मिसळतात आणि नवा तंतू घडतो, जाड होतो.

मग या दोन वेगळ्या फौजा आहेत का? २००७ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत मोनोसाइटांवर खूण करून त्यांचा माग काढला गेला. आत आलेले दाह पेटवणारेच पुढे दाह शमवणारे झालेले आढळले. पेशी तीच, काम बदललं. गंमत म्हणजे मेलेल्या पेशींचा मलबा गिळणं हेच या बदलाचं एक कारण ठरतं. त्याच प्रयोगांत इजेच्या वेळीच मोनोसाइट काढून टाकले, तेव्हा स्नायू पुन्हा बनलाच नाही. उशिरा मॅक्रोफेज काढले तर तंतू बनले, पण बारीक राहिले. इजा झाल्या झाल्या दाह पुरता दाबून टाकणं फायद्याचंच असं म्हणवत नाही ते यामुळे.

एम-१ (दाह पेटवणारे) आणि एम-२ (दाह शमवणारे) ही नावं सर्रास वापरली जातात, पण ती प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवरून आली. प्रत्यक्ष स्नायूत मधल्या छटाच जास्त.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात हा क्रमच कोलमडतो. जुनी इजा भरायच्या आत शेजारचे तंतू तुटतात, आणि दोन्ही अवस्थांतले मॅक्रोफेज एकाच वेळी एकाच जागी काम करत राहतात. वेळेवर मरायला हव्यात त्या जोड-ऊतीतल्या पेशी टीजीएफ-बीटा या रेणूमुळे तगून राहतात, आणि स्नायूच्या जागी तंतुमय ऊती साचत जाते.