डेन्मार्कमध्ये निम्मा पगार करात जातो? नाही!

डेन्मार्कला निघालेल्याला कुणीतरी सांगतंच, ‘अर्धा पगार सरकार कापतं.’ पहिली पगाराची स्लिप पाहून ते खरंही वाटतं. कारण ‘स्काटेकोर्ट’, म्हणजे करकार्ड, तयार नसेल तर कुठलीही सवलत न धरता सरळ 55 टक्के कर कापतात.

कार्ड आलं की चित्र पालटतं. समजा, पगार 40,000 क्रोनर. आधी 8 टक्के ‘एएम-बिड्राग’ (पगारावरचा श्रमबाजार कर) जातो, म्हणजे 3,200. उरलेल्या 36,800 मधून करमुक्त रक्कम, समजा 5,000, वगळायची आणि 31,800 वरच साधारण 38 टक्के कर: 12,084. हातात 24,716! (एटीपी, म्हणजे सक्तीची पूरक पेन्शन-वर्गणी, आणि नोकरीतली पेन्शन इथे धरलेली नाही.)

म्हणून करकार्डाचा अर्ज लगेच करा. जास्तीचे पैसे परत मिळतात, पण वार्षिक हिशेबाची वाट पाहिलीत तर तो पुढच्या मार्चमध्ये येतो.