रजिस्टर झालंय, तरी फोन वाजत का नाही?

मित्राच्या ऑफिसात इंटरनेटवरचा फोन बसवून देत होतो. छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क टाकलं, फोन नंबर देणाऱ्या कंपनीचं, म्हणजे प्रोव्हायडरचं, युजरनेम पासवर्ड भरलं, स्क्रीनवर 'रजिस्टर्ड' आलं, माझ्या मोबाईलवर कॉल लावला तर लगेच लागला, आवाज पण क्लिअर. म्हटलं झालं काम, चहा सांगा. मग मोबाईलवरून ऑफिसच्या नंबरला उलटा कॉल केला तर टेबलावरचा फोन ढिम्म. पुढचे चार तास त्यातच गेले आणि खापर अर्थातच मी प्रोव्हायडरवर फोडत होतो.

ॲस्टेरिस्क म्हणजे फुकट मिळणारं टेलिफोन एक्स्चेंज. अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सविलच्या मार्क स्पेन्सरला १९९९ मध्ये स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज हवं होतं, विकतचं परवडेना, म्हणून त्याने सॉफ्टवेअरच लिहून काढलं. ते बाकीच्या फोनशी बोलतं सिप नावाच्या भाषेत, आणि ही भाषा अगदी साधी असते, वेबसाइटसारखे मजकुराचे निरोप, 'पान सापडलं नाही'वाला ४०४ सुद्धा इथे आहे.

आता गोम कुठे आहे बघा. आपण कॉल करतो तेव्हा प्रोव्हायडर पासवर्ड मागतो, आपण देतो, विषय संपला. पण कॉल आत येतो तेव्हा 'इन्व्हाइट' नावाचा निरोप प्रोव्हायडरकडून आपल्याकडे येतो आणि आता विचारायची पाळी ॲस्टेरिस्कची असते, की बाबा तू कोण? ते आधी बघतं निरोप कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुठल्या आकडी पत्त्यावरून आला, ओळखीचा नसेल तर पाठवणाऱ्याचं नाव बघतं, तिथे असतो कॉल करणाऱ्याचा मोबाईल नंबर, तो आपल्या यादीत कुठून असणार. मग ते ४०१ पाठवतं, म्हणजे पासवर्ड दाखव. प्रोव्हायडर हजारो गिऱ्हाइकांना कॉल पोचवतो, तो तुमच्या दारात पासवर्ड सांगत बसत नाही, सरळ निघून जातो.

मग ते 'रजिस्टर्ड' कशाचं होतं? त्याने फक्त आपला पत्ता प्रोव्हायडरला कळतो, तोही ठरावीक वेळापुरता, म्हणून दर थोड्या वेळाने परत सांगावा लागतो. पाहुण्याला पत्ता दिला पण गेटवरच्या वॉचमनला काही सांगितलंच नाही, अशातली गत. वॉचमनला सांगायची जागा वेगळी, ॲस्टेरिस्कमध्ये सिप जोडायच्या नव्या पीजेसिप नावाच्या पद्धतीत तिला 'आयडेंटिफाय' म्हणतात, तिथे लिहायचं की अमुक आयपीवरून आलेला निरोप म्हणजे आपला प्रोव्हायडर, त्याला आत सोड. आणि एकच आयपी लिहून थांबू नका! रजिस्टर एका सर्व्हरवर होतं आणि कॉल दुसऱ्याच तीन-चार सर्व्हरवरून येऊ शकतात, मग सकाळी फोन वाजतो, दुपारी वाजत नाही, आणि माणूस राउटर बदलत बसतो. प्रोव्हायडरकडून सगळी यादी मागून घ्या.

गेट उघडलं की पुढचा प्रश्न, कोणाकडे जायचंय? डायल केलेला नंबर ॲस्टेरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठे जोडायचा त्या यादीत, जसाच्या तसा लिहिलेला किंवा तिथल्या एखाद्या नियमात बसणारा लागतो, नाहीतर ४०४. कोणी प्रोव्हायडर नंबर नुसता पाठवतो, कोणी ९१ लावून, कोणी अधिकचं चिन्ह लावून. 'कुठलेही आकडे चालतील' असा नियम लिहिला तरी अधिकचं चिन्ह हा काही आकडा नाही, तिथे गाडी अडते, माझी अडली होती. लॉगर, म्हणजे येणारे-जाणारे निरोप दाखवणारी सोय, चालू करून आलेला निरोप डोळ्यांनी वाचला तर हे दोन मिनिटांत दिसतं.

एवढं झाल्यावर फोन वाजला, उचलला, आणि समोरच्याचा आवाजच नाही, त्याला मात्र माझं सगळं ऐकू जातंय. कारण सिप फक्त बोलणी ठरवतं, आवाजाची पाकिटं वेगळ्या वाटेने जातात, सेकंदाला साधारण ५०, एकेका पाकिटात २० मिलिसेकंद आवाज. ती कुठे पाठवायची तो पत्ता ॲस्टेरिस्क सांगतं, आणि राउटरच्या मागे बसलेलं असल्यामुळे १९२.१६८ वाला घरातला पत्ता सांगतं. बाहेरच्यासाठी तो पत्ता बिनकामाचा. सेटिंगमध्ये आपला बाहेरचा आयपी लिहिला आणि आवाज आला.

वैतागून कोणालाही आत सोडायची सेटिंग करू नका, आणि आत येणाऱ्या कॉलच्या विभागातून बाहेर कॉल लावायची वाट ठेवू नका, नाहीतर कोणीतरी तुमच्या खर्चाने परदेशात बोलत बसेल. त्या दिवशी लॉगर चालूच राहिला होता, त्यात कुठून कुठून अनोळखी निरोप येऊन पडलेले, काहींनी स्वतःचं नाव 'फ्रेंडली स्कॅनर' असं लावलेलं. त्या सगळ्यांना ॲस्टेरिस्कने तेच ४०१ दिलं होतं, जे दुपारभर माझ्या प्रोव्हायडरला देत होतं.