वास्तुछायाचित्रण आणि आधुनिक वास्तुकला

विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकला बहुतेकांनी पाहिली ती छापील छायाचित्रांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धतीने (छटा बारीक ठिपक्यांत उमटवणाऱ्या छपाईने) छायाचित्रे मजकुराबरोबर छापता येऊ लागली आणि वास्तुविषयक नियतकालिकांचे रूप पालटले.

छायाचित्रण आणि आधुनिक वास्तुकला यांच्या संबंधाचा आरंभ छायाचित्रकार लूसिया मोहोली यांनी १९२५-२६ च्या सुमारास जर्मनीतील डेसाऊ येथील बाउहाउस या कला-वास्तुशिक्षण संस्थेच्या इमारतींच्या घेतलेल्या छायाचित्रांपासून धरता येईल. तथापि वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअस यांनी १९१३ मध्येच जर्मन वेर्कबुंड या कलाकार-उद्योजकांच्या संघटनेच्या वार्षिकात अमेरिका खंडांतील धान्यकोठारांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. तोवर त्यांनी अमेरिकेत पाऊलही ठेवले नव्हते. म्हणून आरंभ १९१३ च्या या छायाचित्रांपासून मानणे अधिक सयुक्तिक. यांतील काही चित्रे वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात पुन्हा वापरली. ब्वेनस आयरिस येथील कोठाराच्या माथ्यावरची त्रिकोणी शिखरे मात्र त्यांनी चित्रातून पुसून टाकली, म्हणजे उरावेत ते निव्वळ भौमितिक आकार.

कॅमेरा वर वळवला की इमारतीच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. व्ह्यू कॅमेऱ्यात (भिंग आणि फिल्म स्वतंत्रपणे हलवता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात) फिल्म उभीच ठेवून भिंग तेवढे वर सरकवता येते, त्यामुळे भिंती ताठ दिसतात. लाल फिल्टर लावल्यास निळे आकाश जवळजवळ काळे उमटते आणि पांढरी भिंत उठून दिसते. रंगांवर मात्र यात अन्याय झाला. श्टुटगार्टच्या व्हाइसनहोफ वसाहतीतील (१९२७) वास्तुकार ब्रूनो टाउट यांनी रचलेल्या घराचे ठसठशीत रंग कृष्णधवल चित्रांत हरवले. आधुनिक वास्तू पांढरीच असते, हा समज पसरण्याचे हे एक कारण.

लॉस एंजेलिसमधील वास्तुकार पिअर कोनिग यांनी रचलेल्या काचेच्या घराचे छायाचित्रकार जूलिअस शुलमन यांनी १९६० मध्ये घेतलेले छायाचित्र सर्वपरिचित आहे. शहराचे दिवे उमटावेत म्हणून त्यांनी सुमारे सात मिनिटे एक्स्पोजर दिले आणि मग त्याच फिल्मवर आत बसलेल्या दोन तरुणी फ्लॅशने टिपल्या.

वास्तुकार मीस फान डेर रोअ यांचे बार्सिलोना येथील प्रदर्शनासाठी उभारलेले दालन (१९२९) वर्षभरातच उतरवले गेले. १९८० च्या दशकात ते पुन्हा उभे राहीपर्यंत अभ्यासकांपुढे मुख्यतः छायाचित्रे आणि आराखडेच होते. आधुनिक वास्तुकला प्रसारमाध्यमांतूनच आधुनिक ठरली, हे वास्तुइतिहासकार बिआत्रिस कोलोमिना यांचे प्रतिपादन येथे विशेष पटते.

छायाचित्रकारांना श्रेय मिळालेच असे नाही. मोहोली यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह मागे राहिल्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील बाउहाउस-प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे त्यांच्या नावाविना वापरली गेली. पुढे दीर्घ पाठपुराव्यानंतर निगेटिव्हचा काही भागच त्यांना परत मिळाला.